कॉफीवरचा तांबेरा आणि तिमोरचे झाड

श्रीलंकेत कँडीहून नुवारा एलियाच्या बाजूला चढणाऱ्या आगगाडीत बसले की दोन्ही अंगांना चहाच दिसतो. सारख्या उंचीवर छाटलेली झुडपे, त्यांच्यामधून वळत जाणाऱ्या पायवाटा, पाने खुडणाऱ्या तमिळ बायका आणि वरून उतरणारे धुके पाहिले की या डोंगरांवर चहा पूर्वापार असावा, अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात ही आगगाडी चहासाठी आलेली नाही. कोलंबो ते कँडी हा लोहमार्ग १८६७मध्ये पूर्ण झाला, तेव्हा या उतारांवर कॉफी उभी होती. बैलगाड्यांनी बंदरापर्यंत कॉफी पोचवण्यात जाणारा वेळ आणि पैसा वाचावा, म्हणून मळेवाल्यांनी सरकारच्या मागे लागून हा मार्ग करून घेतला होता. त्याच वर्षी जेम्स टेलर नावाच्या स्कॉटिश व्यवस्थापकाने लूलकंदुरा येथील मळ्यात १९ एकरांवर चहा लावला. कॉफीच्या त्या भरभराटीत १९ एकरांची किंमत ती काय असणार! पण १८८५मध्ये हाच लोहमार्ग नुवारा एलियाजवळच्या नानुओयापर्यंत पोचला, तोवर कॉफीचा खेळ आटोपत आला होता आणि बेटाचे भवितव्य चहाकडे वळले होते. दोन दशकांच्या आत एका बेटाचे मुख्य पीक संपले, आणि ते संपवणारी गोष्ट पानाच्या खालच्या बाजूस राहणारी एक बुरशी होती.

सोलापूरच्या मातीत कॉफी येत नाही. अरेबिका कॉफीला १५ ते २४ अंश सेल्सियस तापमान, १,५०० ते २,००० मिलिमीटर पाऊस, आम्लधर्मी आणि निचऱ्याची जमीन आणि डोक्यावर सावली मानवते; आमच्याकडे वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि जमीन काळी, चुनखडीची. तरीही कॉफी आम्हांला परकी नाही. कर्नाटकाची हद्द जवळ, शहरात मराठीच्या जोडीला कानडी आणि तेलुगू घरोघर चालणारी, त्यामुळे उडुपी हॉटेलातली फिल्टर कॉफी स्टीलच्या पेल्यातून पिणे हा सोलापूरकरांच्या नित्याचा भाग आहे. मी येथील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. बुरशीजन्य रोगांच्या तासाला गव्हावरचा तांबेरा शिकवून झाला की अभ्यासक्रमात नसलेला कॉफीचा तांबेरा मी मुलांना आवर्जून सांगत असे. डोंगराळ बेटांवरच्या कॉफीचा इतिहास बहुधा दूरदेशी रोपे नेणाऱ्या धाडसी माणसांच्या कथांतून सांगितला जातो. मला त्यात अधिक मोलाचे वाटतात ते दोन प्रश्न: एकाच वंशाची झाडे डोंगरच्या डोंगर भरून लावली की काय होते, आणि जे होते त्याची किंमत कोण मोजतो.

सिलोनमधली, म्हणजे तेव्हाच्या श्रीलंकेतली, कॉफी १८३०च्या दशकापासून झपाट्याने वाढली. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी संपली आणि वेस्ट इंडीज बेटांवरचे कॉफीचे उत्पादन घसरू लागले. त्याच सुमारास ब्रिटनने सिलोनच्या कॉफीवरचा जादा कर काढून टाकला. भांडवल पूर्वेकडे वळले आणि कँडीच्या आसपासची पर्जन्यवने तोडून, जाळून उतारावर कॉफीच्या ओळी लावल्या गेल्या. १८७०च्या सुमारास बेटावरून वर्षाला सुमारे १० कोटी पौंड कॉफी निर्यात होत होती आणि १८७०च्या दशकाच्या अखेरीस तिच्याखालचे क्षेत्र पावणेतीन लाख एकरांच्या घरात गेले. एवढ्या क्षेत्राला लागणारे हात दक्षिण भारतातून आले. ‘कंगाणी’ म्हणजे मुकादम. तो गावातून टोळी जमवायचा, उचल द्यायचा आणि माणसांना मन्नारच्या किनाऱ्यावर उतरवून तेथून जंगलातून मातळेपर्यंत पायी न्यायचा. या वाटेवर पटकीने आणि तापाने असंख्य माणसे मेली. ऊसतोडीच्या टोळ्या, त्यांचे मुकादम आणि त्यांची उचल जवळून पाहिलेल्या आमच्या जिल्ह्याला हा व्यवहार समजावून सांगावा लागत नाही.

१८६९मध्ये मादुलसीमा भागातल्या एका मळ्यात कॉफीच्या पानांवर नारिंगी डाग दिसू लागले. पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानाचे संचालक थ्वेट्स यांनी नमुने इंग्लंडला पाठवले आणि माइल्स बर्कली या कवकतज्ज्ञाने त्याच वर्षी या बुरशीचे वर्णन प्रसिद्ध करून तिला हेमिलिया व्हास्टाट्रिक्स असे नाव दिले. हाच कॉफीचा तांबेरा.

ही बुरशी जगते कशी, ते पाहण्यासारखे आहे. तिचे बीजाणू पानाच्या खालच्या बाजूवर येऊन बसतात. तेथे पाण्याचा थेंब किंवा पातळ थर काही तास टिकला आणि हवा उबदार असली की बीजाणू अंकुरतो, त्याची नलिका पानाच्या रंध्रातून आत शिरते आणि पेशींतले अन्न शोषू लागते. काही आठवड्यांनी त्याच रंध्रांतून नव्या बीजाणूंचे झुबके बाहेर पडतात. एका डागात ते लक्षावधी असतात आणि वारा, पाऊस, माणसांचे कपडे अशा कोणत्याही वाहनाने पुढे जातात. झाड लगेच मरत नाही, आणि मळेवाल्यांची फसगत येथेच झाली. पाने गळतात, पुन्हा फुटतात, पुन्हा गळतात. फळे धरलेल्या झाडाला पानांवाचून अन्न पुरत नाही, म्हणून ते फांद्यांमधला साठा संपवते. फांद्यांची टोके वाळतात आणि पुढल्या हंगामाचा बहार त्या टोकांबरोबर जातो. एखाद्या वर्षी पीक बरे येई आणि रोग हटला अशी आशा मळेवाल्यांना वाटे. वाढलेल्या भावामुळे तोटा काही काळ झाकलाही गेला. म्हणूनच रोग आल्यानंतरची कित्येक वर्षे सिलोनमध्ये नवी जंगले तोडून कॉफी लावणे चालूच होते.

शेवटी १८८०मध्ये हॅरी मार्शल वॉर्ड हा अवघा सव्वीस वर्षांचा वनस्पतिशास्त्रज्ञ रोगाच्या अभ्यासासाठी सिलोनला आला. सुमारे दोन वर्षांत त्याने जे काम केले, ते शिकवताना माझा आवाज चढत असे. ग्लिसरीन लावलेल्या काचपट्ट्या मळ्यांत टांगून त्याने वाऱ्यावर येणारे बीजाणू पकडले. बीजाणू कसा रुजतो, कोठून आत शिरतो, किती दिवसांनी पुन्हा बाहेर पडतो, याचा माग त्याने एकेका पानावर घेतला आणि रोग जमिनीतून किंवा झाडाच्या आंतरिक दुर्बलतेतून येतो, हे प्रचलित तर्क खोडून काढले. मधल्या वनराया तोडून एकसलग लावलेल्या कॉफीमुळे वाऱ्याला अडसर उरला नाही आणि बुरशीला अखंड अन्न मिळाले, हेही त्याने दाखवले. मळेवाल्यांना औषध हवे होते आणि ते त्याच्यापाशी नव्हते. त्यांची निराशा झाली, आणि ती मला समजते. पण एकाच पिकाच्या शेतीचा धोका इतक्या स्पष्ट पुराव्यासह मांडणाऱ्या पहिल्या माणसांत त्याची गणना व्हायला हवी.

औषध थोडक्यात चुकले. मोरचूद आणि चुना यांचे मिश्रण द्राक्षावरच्या केवडा या रोगाला अटकाव करते, हे फ्रान्समधल्या बोर्दो भागात मिलार्दे यांनी १८८५मध्ये जाहीर केले. आज बार्शी-पंढरपूरच्या द्राक्षबागांत आणि सांगोल्याच्या डाळिंबांत जे ‘बोर्डो’ फवारले जाते, ते हेच. कर्नाटकातले कॉफीवाले आजही तांबेऱ्यासाठी पावसाळ्याच्या तोंडावर याच मिश्रणाची फवारणी करतात. सिलोनच्या कॉफीचा निकाल मात्र तोवर लागून गेला होता. १८८४मध्ये ओरिएंटल बँक कॉर्पोरेशन बुडाली, आणि तिच्या बुडण्यात सिलोनच्या मळ्यांना दिलेल्या कर्जांचा मोठा वाटा होता. मळेवाले आधी सिंकोनाकडे, म्हणजे जिच्या सालीपासून हिवतापावरचे क्विनाइन मिळते त्या झाडाकडे, वळले, तिची लागवड इतकी वाढली की क्विनाइनचा भाव कोसळला, आणि मग सगळे चहाकडे गेले.

इंग्रज मळेवाल्यांच्या नादारीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. मजुरांचे काय झाले, हे त्यामानाने कमी सांगितले जाते. १८७६ ते १८७८ हा मोठ्या दुष्काळाचा काळ. त्या दुष्काळात आमचा सोलापूर जिल्हा होरपळला, तसाच मद्रास इलाखाही होरपळला, आणि तमिळ मुलखातली उपाशी माणसे काम शोधत समुद्र ओलांडून सिलोनला गेली. ती पोचली तेव्हा कॉफीचे मळे रोगाने खंगत चालले होते. अनेकांची मजुरी थकली, अनेक जण आले तसे परत गेले. चहा आल्यावर मजूर कायमचे मळ्यावर राहू लागले, कारण चहाची खुडणी वर्षभर चालते. त्यांच्याच वंशजांना स्वतंत्र सिलोनच्या १९४८च्या कायद्याने नागरिकत्व नाकारले. पानावरच्या बुरशीचा आणि नागरिकत्वाच्या कायद्याचा सरळ संबंध जोडता येणार नाही, हे मी जाणते. पण ज्या माणसांच्या नावे जमीन नसते आणि ज्यांचे राहणे पिकावर अवलंबून असते, त्यांची अवस्था पिकाबरोबर कशी हेलकावते, हे या बेटावर जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

पुस्तकात वर्षानुवर्षे वाचलेला हा रोग मी डोळ्यांनी पाहिला तो चिकमगळूर जिल्ह्यात. ओळखीच्या एका कानडी कुटुंबामुळे तेथल्या इस्टेटीवर राहण्याचा योग आला. पावसाळा सरत आला होता, सिल्व्हर ओकच्या खोडांवर मिरीचे वेल चढलेले होते आणि खाली अरेबिकाच्या रांगांत फळे अजून हिरवी होती. इस्टेटीचा वयस्क मेस्त्री, म्हणजे तेथला मुकादम, बरोबर होता. मी एक पान उलटले आणि बोट फिरवले तर बोटाला हळद लागावी तशी नारिंगी पूड लागली. मेस्त्रीने ते पान माझ्या हातून घेतले, खिशात टाकले आणि म्हणाला, “अम्मा, ही पूड लागलेला हात दुसऱ्या झाडाला लावू नका.” आधीच शेकडो झाडांवर असलेला रोग माझ्या एका बोटाने कितीसा वाढणार होता! पण वॉर्डने काचपट्ट्या टांगून सिद्ध केलेली गोष्ट त्या माणसाच्या सवयीत उतरली होती, आणि मला ते फार मोलाचे वाटले.

एवढा मोठा प्रदेश एका बुरशीने कसा घेतला, याचे उत्तर कॉफीच्या वंशावळीत आहे. अरेबिका मूळची इथियोपियाच्या डोंगराळ जंगलातली. तेथून ती येमेनमध्ये गेली आणि येमेनमधून जगात. सूफी संत बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात सात बिया चिकमगळूरजवळच्या चंद्रद्रोण डोंगरावर आणून लावल्या, असे परंपरा सांगते. डचांनी १६९६मध्ये आणि पुन्हा १६९९मध्ये मलबारातून रोपे जावाला नेली, जावातून १७०६मध्ये एक झाड आम्स्टरडॅमच्या उद्यानात गेले, त्याच्या वंशातले एक १७१४मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट म्हणून मिळाले, आणि तेथून ती संतती कॅरिबियन बेटांवर उतरली. जमैकाच्या ब्लू माउंटनमधली नावाजलेली कॉफी याच कुळातली. दुसरी शाखा फ्रेंचांनी १७१५मध्ये येमेनहून थेट बूर्बोन, म्हणजे आजच्या रेयुनियों, या ज्वालामुखीच्या बेटावर नेली. शिवाय अरेबिका बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते, त्यामुळे पिढ्यांगणिक नवे काही मिसळत नाही. तेव्हा जावा, सिलोन, जमैका, मार्टिनिक अशी बेटे नकाशावर एकमेकांपासून हजारो मैल दूर असली, तरी त्यांवरची कॉफी जवळजवळ एकाच घरातली होती. एका झाडाला लागलेली बुरशी दुसऱ्यापाशी गेली की तिला नवे कुलूप उघडावे लागत नव्हते.

येथे सांगोल्याचा उल्लेख केल्यावाचून मला राहवत नाही. माझे मामेभाऊ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, सांगोला तालुक्यात डाळिंब करतात. दुष्काळी तालुक्याला डाळिंबाने जे दिले ते मी लहानपणापासूनच्या फरकाने पाहिले आहे: पत्र्याच्या जागी स्लॅब आला, मुली शहरात शिकायला आल्या. मग तेल्या आला. पानावर तेलकट डाग, फळावर काळे डाग आणि इंग्रजी वाय किंवा एल अक्षराच्या आकाराच्या भेगा, आणि अख्खा माल व्यापाऱ्याने बांधावरूनच नाकारलेला. तेल्या बुरशीचा नसून जिवाणूचा रोग आहे, तरी त्याच्या फैलावाची रीत ओळखीची आहे. बागा ‘भगवा’ या एकाच वाणाच्या, आणि त्याही गुटी कलमांच्या, म्हणजे प्रत्येक झाड शेजारच्या झाडाची हुबेहूब प्रत. कलमांबरोबर रोगही गावोगाव गेला. अण्णांनी मृग बहार धरणे सोडून हस्त बहार धरून पाहिला, कारण पावसात तेल्या उसळतो. शेवटी एक बाग त्यांना मुळासकट काढावी लागली. बाग काढतानाच्या दिवशी ते मला म्हणाले, “ताई, झाड जातं त्याचं एवढं नाही. नवीन लावलं तर फळ यायला जी वर्षं जातात, ती कोण भरून देणार?” सिलोनच्या इतिहासावरचे शेकडो पानांचे वाचन करूनही मला हा प्रश्न इतक्या नेमकेपणाने सापडला नव्हता.

जावानेही तांबेऱ्याचा मार खाल्ला. तेथे डच सरकारने १८३०पासून सक्तीची लागवड सुरू केली होती आणि शेतकऱ्याला ठरीव संख्येने कॉफीची झाडे लावून, जोपासून, फळे सरकारी भावाने द्यावी लागत. १८७०च्या दशकात रोग तेथे पोचला आणि सखल भागातली अरेबिका उद्ध्वस्त झाली. प्रथम लायबेरिका ही कॉफीची निराळी जात आणून पाहिली, तीही टिकली नाही. मग १९००च्या सुमारास काँगोच्या खोऱ्यातली रोबस्टा आली. ती उष्ण, सखल प्रदेशात वाढते, तांबेऱ्याला दाद देत नाही आणि भरघोस फळते; मात्र तिची चव कडवट आणि जड. आज जगातल्या कॉफीचा मोठा हिस्सा रोबस्टाचा आहे, आणि आमच्या फिल्टर कॉफीच्या पुडीतही चिकोरीच्या शेजारी ती असतेच. अरेबिकाचा सुवास आणि रोबस्टाची ताकद एका झाडात आणावी, ही इच्छा तेव्हापासूनची. ती पुरी होणे अवघड होते, कारण अरेबिकात ४४ गुणसूत्रे असतात आणि रोबस्टात २२. दोघांचा संकर झालाच तर बहुधा ३३ गुणसूत्रांचे झाड होते आणि ते वांझ निघते.

ही अवघड गोष्ट घडली ती जावाच्या पूर्वेला असलेल्या तिमोर बेटावर, आणि ती कोणीही ठरवून घडवलेली नव्हती. बेटाचा पूर्वेकडला अर्धा भाग तेव्हा पोर्तुगालची वसाहत होता. हे बेट अरुंद आणि विलक्षण डोंगराळ आहे. किनाऱ्यावरून निघाले की लगेच चढ लागतो आणि रामेलाउ पर्वताचे शिखर जवळपास ३,००० मीटर उंचीवर जाते. एर्मेरा आणि आसपासच्या डोंगरांत पोर्तुगीजांनी एकोणिसाव्या शतकात कॉफी वाढवली. उंच सामतुकू वृक्षांच्या सावलीत ती आजही जवळजवळ रानटीपणे वाढते. तेथेही तांबेरा आला, तेथेही रोबस्टा लावली गेली, आणि दोन्ही जाती डोंगरउतारावर शेजारी शेजारी फुलू लागल्या. १९२७च्या सुमारास लावलेल्या अरेबिकाच्या एका मळ्यात एक झाड असे निघाले की भोवतालची झाडे तांबेऱ्याने ओकीबोकी झाली असताना ते हिरवेगार राहिले. रोबस्टाचा पराग कधीतरी अरेबिकाच्या फुलावर पडला होता आणि त्या दुर्मीळ संयोगातून ४४ गुणसूत्रांचे, फळणारे, अरेबिकासारखेच वागणारे झाड जन्मले होते. अरेबिका ही जातच मुळात दोन रानटी कॉफींच्या अशाच आपसूक संकरातून आली, त्यातली एक रोबस्टाच होती. जे निसर्गाने इथियोपियाच्या परिसरात फार प्राचीन काळी केले होते, त्याचा काही अंश या बेटावर पुन्हा घडला.

शास्त्रज्ञांपर्यंत हे झाड पोचण्यापूर्वी शेतकऱ्यांनी त्याचे मोल ओळखले होते. त्यांनी त्याच्या बिया जपल्या आणि १९५०च्या दशकात तिमोरमध्ये ठिकठिकाणी त्यांची लागवड झाली. माझ्या मते या सगळ्या कहाणीतले हे सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे. वेगळे दिसणारे झाड ओळीत बसत नाही म्हणून उपटून टाकणे कोणत्याही मळ्यात सोपे असते. ते राहू देण्यासाठी रोज त्या झाडांतून हिंडणारी नजर लागते. मंगळवेढ्याच्या ज्वारीसाठी आम्ही जिचे नाव अभिमानाने घेतो ती मालदांडीसुद्धा मोहोळच्या केंद्रात स्थानिक वाणातूनच निवडून काढलेली आहे, आणि ते स्थानिक वाण पिढ्यान् पिढ्या कणसे पारखून बियाणे राखणाऱ्यांनी टिकवले होते.

पोर्तुगालमध्ये ओइरास येथे १९५५मध्ये कॉफीच्या तांबेऱ्यावर संशोधन करणारे केंद्र स्थापन झाले. केंद्रासाठी जागाही विचारपूर्वक निवडलेली होती: पोर्तुगालच्या मुख्य भूमीवर कॉफीची शेती होत नाही, तेव्हा जगभरातल्या बुरशीचे नमुने तेथे आणले तरी कोणाच्या मळ्याला धोका नव्हता. तिमोरच्या झाडाची संतती तेथे पोचली, आणि १९५९मध्ये ब्राझीलच्या बुटक्या कातुर्रा वाणाशी तिचा संकर करून ‘कातिमोर’ तयार झाला. पुढे तांबेरा १९७०मध्ये ब्राझीलमध्ये आणि १९८३मध्ये कोलंबियात उतरला, तेव्हा कोलंबियाच्या संशोधकांपाशी याच रक्ताचा ‘कोलंबिया’ हा वाण १९८२मध्येच तयार झालेला होता. बी आधी आणि रोग नंतर, असा क्रम शेतीच्या इतिहासात फार थोड्या वेळा दिसतो, आणि त्याचे श्रेय रोग दारात येण्यापूर्वी कित्येक वर्षे काम सुरू करणाऱ्यांना आहे. भारतातही बाळेहोन्नूरच्या केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने २००७मध्ये दिलेल्या ‘चंद्रगिरी’ वाणात तिमोरच्या झाडाचा वंश आहे. चिकमगळूरच्या त्या इस्टेटीवर नव्या लागवडीत तोच होता आणि त्याची पाने मी उलटून पाहिली. ती स्वच्छ होती.

ती कायम स्वच्छ राहतील असे मात्र कोणी समजू नये. बुरशीचे अनेक प्रकार असतात आणि एका प्रकाराला न जुमानणारे झाड दुसऱ्यापुढे नमते, हे १९३०च्या दशकात बाळेहोन्नूरमध्येच मेन या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते. २०१२-१३मध्ये मध्य अमेरिकेत तांबेऱ्याची मोठी लाट आली, लाखो मजुरांचे काम गेले आणि शेतकऱ्यांनी धडाधड प्रतिकारक वाण लावले. होंडुरासमध्ये लावलेला लेंपिरा हा कातिमोर कुळातला वाण २०१७पर्यंत तांबेऱ्याला बळी पडू लागला. २०२०मध्ये हवाई बेटांवरही रोग पोचला, आणि तांबेऱ्यापासून मुक्त असलेले कॉफीचे शेवटचे मोठे क्षेत्र गेले. जगातल्या प्रतिकारक अरेबिकाचा फार मोठा भाग पुन्हा एकाच झाडाच्या संततीवर टेकलेला आहे, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. इथियोपियातल्या मूळ जंगलांत अरेबिकाची विविधता अजून आहे. ती जंगले तुटू न देणे हा कॉफीच्या संशोधनाचाच भाग मानला पाहिजे. डाळिंबाबाबतही हेच म्हणता येईल. सोलापूरजवळच्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात नवे वाण तयार होत आहेत, हिमाचलच्या डोंगरउतारांवर रानटी डाळिंब अजून आहे, आणि तरीही बाजार एकाच रंगाच्या, एकाच आकाराच्या फळाला भाव देतो, तोवर अण्णांसारख्या शेतकऱ्याला दुसरे काही लावण्याचा सल्ला देणे मला जड जाते.

आणि ज्या बेटाने ते झाड दिले, त्याचे काय झाले? १९७५मध्ये इंडोनेशियाच्या फौजा पूर्व तिमोरमध्ये घुसल्या. पुढली चोवीस वर्षे बेटाने युद्ध, उपासमार आणि विस्थापन सोसले आणि कॉफीचा व्यापार दीर्घकाळ लष्कराशी जवळीक असलेल्या हातांत राहिला. १९९९च्या सार्वमतात लोकांनी स्वातंत्र्य निवडले, त्यानंतरच्या हिंसाचारात देश बेचिराख झाला, आणि २००२मध्ये तो स्वतंत्र झाला. तेलाखेरीज बाहेर विकण्याजोगी त्यांच्यापाशी मुख्यतः कॉफीच आहे. एर्मेराच्या डोंगरांत कुटुंबे पावसाळ्यानंतर, मेपासून पुढे काही महिने, लाल फळे खुडतात आणि रस्त्याच्या कडेला वजनावर विकतात किंवा घरीच साल काढून, वाळवून बी विकतात. त्या काही महिन्यांच्या रोकडीवर वर्षाचा तांदूळ आणि मुलांच्या शाळेचा खर्च भागतो. झाडे म्हातारी झाली आहेत, वर्षानुवर्षे छाटलेली नाहीत, खत मिळालेले नाही, आणि उत्पादन अतिशय कमी येते. त्यात सावली देणाऱ्या सामतुकू वृक्षांवर या शतकाच्या आरंभापासून गाठी आणणारा निराळाच तांबेरा पसरला आणि ते वाळू लागले, त्यामुळे खालची कॉफी उघडी पडली.

म्हातारे झाड बुंध्यापाशी छाटले तर नवी फूट जोमाने येते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे आणि ते शिकवणारे कार्यक्रमही तेथे चालतात. पण छाटलेल्या झाडाला पुन्हा फळे यायला दोन-तीन वर्षे लागतात. ज्या घराची सगळी रोकड त्या झाडांतून येते, ते घर एवढी वर्षे कशावर काढणार? अण्णांनी बांधावर उभे राहून विचारलेला प्रश्न येथे जसाच्या तसा लागू पडतो. तिमोरच्या झाडापासून झालेल्या वाणांनी कोलंबियाचे, मध्य अमेरिकेचे आणि आपल्या कर्नाटकाचे मळे सावरले, त्या वाणांची कॉफी विकणाऱ्या कंपन्यांनी नफा कमावला. बियांच्या बदल्यात एर्मेराच्या शेतकऱ्याला काही मिळाल्याचे दिसत नाही. बाळेहोन्नूरसारख्या संस्थांनी त्या कुळातले निवडक वाण रोपांच्या रूपात तिमोरला विनामूल्य द्यावेत, आणि छाटणीपासून फळ येईपर्यंतच्या हंगामांची भरपाई कॉफीच्या मोठ्या खरेदीदारांनी दर झाडामागे रोखीने, थेट शेतकऱ्याच्या हाती द्यावी, असे माझे मत आहे. आणि सांगोल्यात रोगट बाग काढून टाकणाऱ्या शेतकऱ्यालाही नवे झाड बहाराला येईपर्यंत असाच आधार मिळायला हवा.